खांद्याची दुसरी फिल्म

मॅडम, आपली डार्करूम आता राहिलेली नाही. तिथे औषधांचे खोके ठेवतात, आणि दाराआडचा तो जाड काळा पडदा कुणी काढून नेला कुणास ठाऊक. फिल्मही गेली. आता हाडं थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतात. मोठी करा, उजळ करा, पाण्याचा थेंब लागत नाही. तुम्ही असता तर आधी त्यात चार चुका काढल्या असत्या आणि मग ते यंत्र कुणाला हात लावू दिलं नसतं. आज सकाळी माझ्या हाताखालच्या एका मुलीशी खांद्याच्या फोटोवरून माझी बोलाचाली झाली. मुलगी हुशार आहे, माझ्यापेक्षा चार पुस्तकं जास्तच वाचलेली आहे. पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात मी तिच्याशी बोलत नव्हते, तुमच्याशी बोलत होते. स्वयंपाकाला उशीर झाला, भाजी लागली, शेवटी गॅस बंद केला आणि हा कागद घेऊन बसले.

तुम्ही नांदेडहून बदलून आलात तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दवाखान्याची पाटी नवी होती, मोठ्या साहेबांच्या टेबलावरची काच नवी होती, आणि नळाला पाणी मात्र जुन्या तालुक्याला शोभेल इतकंही येत नव्हतं. पाऊस दगा देऊन राहिला होता. मी नवी डॉक्टर, धान्याच्या गंजातल्या आडत्याची मुलगी. पोरीनं बाळंतपणं करावीत, बायाबापड्यांनी नाव काढावं, अशी वडिलांची इच्छा. मी एक्स-रेच्या खोलीत बसते हे पाहुण्यांना सांगायची त्यांना चोरी झाली होती. एकदा डबा द्यायला आले आणि तुमच्यादेखतच म्हणाले, "फोटू काढायला डॉक्टर कशाला लागतो जी? आमच्या चौकात स्टुडिओ हाय की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही हातातली फिल्म खाली न ठेवता विचारलंत, "शेठ, तुरीच्या पोत्यात हात घातला की ओल कळते ना तुम्हाला?" वडील म्हणाले, "हाव, न कळून कसं चालंल?" "मग तुमची पोरगी तेच शिकून राहिली. फक्त इथं पोतं उघडायची सोय नाही." वडील मनापासून हसले. त्यानंतर घरी कुणीही आलं की ते सांगायचे, आमची पोरगी पोतं न उघडता ओल सांगते. ही गोष्ट तुमच्यापर्यंत कधी पोचली नसेल, म्हणून आज लिहिते.

तुमचा स्वभाव मात्र गोड म्हणता येणार नाही. पहिल्याच महिन्यात एक लेकरू आलं होतं, झाडावरून पडलेलं. हाताचा फोटो काढला, कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक सरळ मोडलेलं दिसलं, आणि मी ऐटीत तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही फिल्म उजेडाला धरलीत आणि विचारलंत, "कोपर कुठाय?" फिल्म कोपराच्या खालीच संपली होती. "दोन हाडांची जोडी हाय बेटा. एक मोडून आखूड झालं तर दुसरं गप बसंल का?" पुन्हा फोटो काढला, या खेपेला कोपरासकट. तुम्ही माझा अंगठा धरून त्या न मोडलेल्या हाडावर ठेवलात आणि म्हणालात, "ह्याची रेघ पुढं ओढ. कोपरातल्या त्या गोल दाण्यावर गेली पाहिजे. गेली का?" गेली नव्हती. हाड अख्खं होतं, पण कोपरातून निसटलं होतं. मोडलेलं तेवढं बांधून लेकराला घरी पाठवलं असतं तर त्याचा हात जन्मभर धड वाकला नसता. "पाणी वाया गेलं, लेकराला दोनदा टेबलावर झोपवलं, आणि तू खूश," एवढंच बोलून तुम्ही चहाला निघून गेलात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण त्या दिवसापासून मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा पाहिल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघालेला नाही.

पाण्याचं आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. फिल्म आधी एका औषधात, मग पाण्यात बुचकळून दुसऱ्या औषधात, आणि शेवटी वाहत्या पाण्यात चांगली धुवायची, नाहीतर पुढे ती पिवळी पडते. त्या साली वाहतं पाणी लातुरात होतं कुठे? टँकर आला की आधी बाळंतिणींचा वॉर्ड, मग ऑपरेशनची खोली, आणि उरलं तर आपण. साहेबांनी हुकूम काढला की एका रुग्णाला एकच फिल्म. त्यांचंही चुकत नव्हतं. तुम्ही मात्र एका बाजूनं पाहिलेलं हाड पाहिलं असं मानायलाच तयार नव्हता. मग तुम्ही शिशाचा एक पत्रा कापून आणलात. कॅसेटच्या, म्हणजे फिल्मच्या चपट्या पेटीच्या, अर्ध्या भागावर पत्रा ठेवायचा आणि हाताचा समोरून फोटो काढायचा. मग पत्रा पलीकडे सरकवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात हात आडवा ठेवून दुसरा. फिल्म एक, धुणं एक, बाजू दोन. मनगट मावायचं, कोपर मावायचं. साहेब आले आणि पाहून गेले. फक्त खांदा त्या अर्ध्यात मावत नव्हता. खांद्याला दुसरी फिल्म लागायचीच, आणि ती मॅडम सांगतील तरच काढायची, असं तुमचं नि साहेबांचं ठरलं.

आणि ते तीर्थ. खांदा दुखतो म्हणून कुणी आलं की फोटोच्या आधी तुम्ही त्याला सांगायचा, "लंगरमध्ये रोटी घेतात तसे दोन्ही हात पुढं करा. कोपर वाकवायचं नाही." नांदेडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसला की हात आपोआप पुढे होतात, तळवे वर. तुम्ही त्याच गल्ल्यांमध्ये वाढलेल्या. पण औसा-निलंग्याकडची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत राहायची. एक म्हातारी तर म्हणाली, "रोटी नगं माय, मी भाकर खाऊन आलेय." तेव्हा मी मध्ये पडले आणि म्हणाले, "आजी, देवळात गाभाऱ्याबाहेर उभं राहून लांबून तीर्थ घेता ना, तसा हात करा. आधी हा, मग तो." म्हातारीनं लगेच हात लांब केला, तळवा वर, बोटं जरा मुडपलेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तुझं तीर्थ चालतंय इथं," म्हणालात. पुढे नांदेडकडचं कुणी आलं की रोटी, बाकी सगळ्यांना तीर्थ. आपल्या घरातली एक साधी सवय तुमच्या कामात शिरली याचा मला इतका अभिमान वाटला की मी ते आईला दोनदा सांगितलं.

असं का करायचं हेही तुम्ही सांगितलं होतं. खांद्याचा गोळा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, तो आंधळ्यालाही दिसतो. खांदा चौकोनी होतो, फोटोत गोळा खाली सरकलेला असतो. पण क्वचित तो मागे निखळतो. समोरून फोटो काढला तर ज्या वाटीत तो बसतो तिच्या पुढ्यात नीट असल्यासारखाच दिसतो, आणि माणूस मुका मार म्हणून घरी जातो. "फिट आलेला माणूस, नाहीतर करंट लागलेला," तुम्ही म्हणायचा. "असा कुणी आला न गोळा बल्बसारखा गोल दिसला, की घाबरायचं." एरवी त्या गोळ्याला बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. हात आत वळून अडकला की तो लपतो आणि गोळा सगळीकडून गोल दिसू लागतो. ज्याचा हात आत अडकलाय त्याला लांबून तीर्थ घेता येत नाही, तळवा वर होतच नाही. हे सगळं तुम्ही सांगितलं होतं, पण तसा खांदा मी पाहिला नव्हता.

तुम्ही भाचीच्या लग्नाला नांदेडला गेला होतात तेव्हा तो मोटार मिस्त्री आला. औशाकडचा, विहिरीत मोटारी सोडणारा. त्या वर्षी पाणी खाली जाईल तशी मोटार खाली न्यावी लागायची, त्यामुळे दहा गावांना त्याच्याशिवाय चालत नव्हतं. मोटार सोडताना उघड्या वायरीला हात लागला आणि तो विहिरीच्या पायऱ्यांवर फेकला गेला. त्याला आठवडा होऊन गेला होता. गावाकडच्या डॉक्टरांनी मुका मार सांगितला होता, एकानं तेल लावून चोळूनही दिलं होतं. उजवा हात पोटाशी धरून तो बाकावर बसलेला, आणि शेजारी त्याची बायको. समोरून फोटो काढला. मी ओली फिल्म घेऊन बाहेर आले तर साहेब टँकरची चौकशी करायला तिथेच उभे. त्यांनी फिल्म पाहिली. "हाड शाबूत आहे. मुका मार. गोळ्या द्या आणि पाठवा." मिस्त्रीचा चेहरा खुलला. बायकोचा नाही. ती म्हणाली, "साहेब, डोक्यावर टोपी घालता येईना वो त्यान्ला. मलाच घालावी लागते."

मी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. हाड खरंच शाबूत होतं. गोळा वाटीच्या पुढ्यात होता. आणि तो गोल होता, मॅडम. मी मिस्त्रीला म्हणाले, "दादा, लांबून तीर्थ घेता तसा हात करा. आधी डावा." डावा झकास पुढे झाला. "आता उजवा." उजवा कसाबसा उचलला, पण तळवा खालीच. त्यानं ओठ आवळून जोर लावला, खांदा सोडून सगळं अंग वाकडं केलं. "वळंनाच की," तो ओशाळून म्हणाला. साहेबांना मी सांगितलं, दुसरी फिल्म काढावी लागेल, काखेतून. साहेब म्हणाले, "टाकीचा तळ दिसतोय. आणि खांद्याचं मॅडमना विचारल्याशिवाय नाही असं ठरलंय." त्यांच्यासमोर माझा आवाज निघायचा नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण समोर त्या माणसाचा उजवा हात होता, दोर धरायचा. तो असाच राहिला तर मिस्त्री पुन्हा कधी विहिरीत उतरणार नव्हता, आणि दिवस जातील तसं खांदा बसवणं अवघड होणार होतं. मी म्हणाले, "मॅडमनी सांगितलंय. करंट लागलेला खांदा असला तर दुसरी काढायचीच." "कधी सांगितलं?" "जाताना." जाताना तुम्ही मला फक्त कपाटाची किल्ली दिली होती. साहेब म्हणाले, "आल्या की विचारतो," आणि गेले.

बायकोला शिशाचा एप्रन घातला आणि हात धरायला उभं केलं. कॅसेट खांद्यावर ठेवली, नळी काखेच्या बाजूनं लावली. हात अंगापासून जरासा लांब करताना मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, बायको म्हणत होती, "झालं, झालं बघा आता." डार्करूममध्ये गेले तर बुचकळायच्या भांड्यात गाळ. कोपऱ्यात तुमचा माठ होता, घरून भरून आणलेला, ज्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तो मी रिकामा केला. लाल दिव्याखाली फिल्म उमटत जाते तेव्हा आधी काहीच कळत नाही, मग कडा येतात. वाटी दिसली, बशी आडवी धरल्यासारखी. गोळा तिच्यावर नव्हता. तो मागच्या कडेला अडकून बसला होता, कडेनं त्याला खोक पाडली होती. मला आनंद झाला. अगदी नाचावंसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली, कारण बाहेर ज्याचा खांदा होता तो अजून बाकावर बसला होता. हाडांच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी भूल देऊन तो बसवला. अजून थोडे दिवस गेले असते तर कापून बसवावा लागला असता, असं ते म्हणाले, आणि जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली.

तुम्ही परत आलात, मेंदी लावलेल्या हातांनी. साहेब विचारायला आलेच. तुम्ही ती फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिलीत. साहेब म्हणाले, "तुम्ही सांगून गेला होता म्हणे." मी खाली बघत होते. तुम्ही फिल्मवरची नजर न काढता म्हणालात, "हौ. मीच सांगितलं होतं." साहेब गेल्यावर तुम्ही माठ हलवून पाहिलात. "आणि हा कुणी पिला?" मग लग्नातल्या मिठाईचा डबा माझ्यासमोर सरकवलात. मी एक तुकडा घेतला तेव्हा म्हणालात, "पुढच्या खेपेला माझं नाव नको सांगू. तुझं सांग." शाब्बास म्हणाला नाहीत. तुमच्या शाब्बासकीची वाट पाहत मी किती दिवस काढले होते, आणि त्या दिवशी ती मिळाली तरी मला ओळखू आली नाही. उमगायला बरीच वर्षं लागली.

पुढचा उन्हाळाही कोरडाच गेला. दवाखान्याच्या विहिरीतली मोटार वर लटकलेली आणि पाणी खाली, अशी गत झाली. साहेबांनी मिस्त्री बोलावला तर हाच आला. तुम्ही आणि मी विहिरीच्या काठावर उभ्या. तो दोर उजव्या हाताला गुंडाळून मोटार सोडत होता. मी बघत होते त्याच्या हाताकडे, तुम्ही म्हणालात, "हात काय बघती, खांदा बघ." खांदा गोल, भरलेला, दोन्हीकडे सारखा. दुपारी डार्करूमच्या नळाला धार आली, आधी गढूळ, मग जरा बरी. मिस्त्री आत आला, पायातल्या चपला दाराबाहेर काढून. तुमच्यासमोर उभा राहिला आणि कोपर न वाकवता उजवा हात लांब केला, तळवा वर. "द्या की तीर्थ," म्हणाला. खोलीत सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही नळाखाली पेला धरलात आणि त्याच्या तळव्यावर पाणी ओतलंत. त्यानं ते डोळ्यांना लावलं. तोंडाशी नेणार तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "गाळाचं हाय रे बाबा, पिऊ नक्को."

तुम्ही रिटायर होऊन नांदेडला गेलात तेव्हा तो शिशाचा पत्रा मला देऊन गेलात. दोन बाजूंना तो हातांनी गुळगुळीत झालाय. पुढे तुम्ही वारल्याचं मला कळलं तेव्हा मी फोटो वाचत होते, आणि ते संपवूनच उठले. अर्धवट सोडून आले असते तर तुम्ही मला नांदेडच्या घराच्या दारातूनच परत पाठवलं असतं. आज मी इथे मोठ्या टेबलावर बसते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं उदगीरला आहेत, हदगावला आहेत, एक किनवटकडे आहे, आणि तिकडून खांद्याचे फोटो फोनवर पाठवतात, दोन बाजूंचे. ही सगळी तुमची नातवंडं आहेत हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी त्याचा तोरा मिरवते.

तर आज सकाळचं. फिट येऊन पडलेली एक बाई आली होती. माझ्या या मुलीनं समोरचा फोटो पाहिला आणि नॉर्मल लिहायला घेतलं. बाईला खूप दुखतंय, हात हलवू देत नाही, कशाला उगाच दुसऱ्या फोटोसाठी छळायचं, असं तिचं म्हणणं, आणि त्यातही माया होती. मी बाईजवळ जाऊन तीर्थाचा हात करायला लावला. तळवा खालीच राहिला. मुलीनं दुसरा फोटो काढला, गोळा मागे होता. दुपारपर्यंत तो बसवूनही झाला. चहा पिताना तिनं विचारलं, असं दर वेळी करायचं हे कुठे लिहिलंय. इथे मी माझं नाव सांगायला हवं होतं, तुम्ही बजावलं होतं तसं. तेवढा अधिकार आता माझा आहे. पण माझ्या तोंडून जे गेलं ते तेच जुनं. "मॅडमनी सांगितलंय," मी म्हणाले. "कोण मॅडम?" "नांदेडच्या." ती म्हणाली, "एकदा भेटायला हवं त्यांना. सुट्टीत जाऊ या?"

मी म्हणाले, जाऊ.